तेल कुणाच्या बुधलीतलं? एका सीक्वेलमधल्या ‘सेव्ह’ची गोष्ट

पार्श्वभूमी

पुण्यातला एक छोटा स्टुडिओ. बंगल्याचा वरचा मजला, नऊ माणसं, गॅलरीत चहाचं थर्मास. त्यांचा पहिला गेम बऱ्यापैकी चालला, म्हणजे पुढचा गेम करण्याइतके पैसे सुटले. तो मी फक्त खेळाडू म्हणून खेळलो होतो. दुसऱ्या भागाचं काम सुरू झालं तेव्हा डिझायनर म्हणून आत आलो. गेम अजून यायचा आहे, त्यामुळे नाव देत नाही. ओळख पटू नये म्हणून काळ, जागा आणि गोष्टीतल्या काही खुणाही बदलल्या आहेत. दिवटी मात्र तशीच ठेवली आहे, तिच्याशिवाय हे प्रकरण कळणारच नाही.

पहिल्या भागाचा नायक जासूद. रात्री घाट उतरायचा, चौक्या-नाके चुकवायचे आणि उजाडायच्या आत पत्र पोचवायचं. हातात दिवटी, कमरेला बुधली. बुधलीत करंजाचं तेल, मोजून सहा पळ्या. दिवटी पेटवली की वाट दिसते, पण पहारेकऱ्याला तुम्हीही दिसता. इथवर कुणाचीच तक्रार नव्हती.

खोच पुढे होती. वाटेवरच्या देवळात नंदादीप असायचा. त्यात दोन पळ्या तेल घातलं की गेम सेव्ह व्हायचा. दुसरी सोय नाही, ऑटोसेव्ह (आपोआप होणारा सेव्ह) नाही. मेलात तर मागच्या देवळापासून पुन्हा. एकच तेल तुम्हाला वाट दाखवणार आणि तेच तुमची प्रगती राखणार. देवळाच्या पायरीवर उभं राहून ‘घालू की ठेवू?’ असा विचार करणं ही पहिल्या भागाची ओळख होती. ज्यांना गेम आवडला त्यांनी नेमकं याचंच कौतुक केलं, आणि ज्यांनी अर्ध्यात सोडला त्यांनीही कारण हेच सांगितलं.

अडचण

सीक्वेल करणाऱ्यांना दोन मोह होतात. तक्रार झालेली गोष्ट उचकटून टाकायची, किंवा ‘हीच आमची ओळख’ म्हणून हट्टाला पेटायचं. दोन्हींचे दाखले टीममध्ये रोज फेकले जायचे. २०१० च्या ‘मास इफेक्ट २’ने पहिल्या भागातली सामानाची किचकट यादी आणि माको ही गाडी सरळ काढून टाकली. गेम सुटसुटीत झाला, पण त्या गाडीला शिव्या घालणारेच पुढे तिची आठवण काढताना मी ऐकलेत. उलट बाजूला ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’. वॉरहॉर्स या झेक स्टुडिओच्या २०१८ च्या या गेममध्ये हवं तेव्हा सेव्ह करायचं तर एक खास दारू प्यावी लागते. ओरड झाली, त्यांनी थोड्याच दिवसांत पॅच (गेममधली दुरुस्ती) काढून ‘सेव्ह करून बाहेर पडा’ ही सोय दिली, पण दारू तशीच ठेवली. २०२५ च्या दुसऱ्या भागातही ती आहेच.

आमच्या डायरेक्टरला हा दुसरा दाखला फार प्रिय होता. त्यातला पॅचचा भाग तो सांगायचा नाही, एवढंच.

आम्ही जुना गेम पुन्हा लोकांपुढे ठेवायचं ठरवलं. ऑफिसातच, दुपारी, एकेक जण बोलावून. त्यातल्या इंजिनिअरिंगच्या एका पोराचा खेळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. घाटाचा टप्पा सुरू झाला, त्याने दिवटी पेटवली, दोन वळणं बघितली आणि विझवली. मग खुर्चीतून पुढे वाकून मॉनिटरच्या खालची बटणं चाचपली. ब्राइटनेस शंभर, कॉन्ट्रास्ट वर. पडदा राखाडी झाला, काळोखातले दगड राखेसारखे दिसायला लागले, आणि तो त्या राखेतून आरामात घाट उतरला. शेवटी बुधलीत सहाच्या सहा पळ्या शिल्लक. मागे आमची आर्टिस्ट उभी होती. दिवटीच्या उजेडात ओल्या कातळावर पिवळट चमक कशी येते, एवढ्यासाठी तिने चार महिने घातले होते.

“अरे, तेल वापर ना, भरपूर आहे,” डायरेक्टर न राहवून म्हणाला.

“नको सर, पुढे लागेल.”

“पुढे म्हणजे कधी?”

“ते माहीत नाही. पण लागेलच ना.”

हे ‘पुढे लागेल’ प्रकरण जुनंच आहे. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये (२०१७) शस्त्रं मोडायची, म्हणून लोक चांगली तलवार थैलीत ठेवून काठीने लढायचे. २०२३ च्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ या त्याच्या पुढच्या भागात निन्टेन्डोने मोडणं काढलं नाही. सापडेल ती वस्तू शस्त्राला जोडायची सोय दिली, त्यामुळे मामुली काठीचंही काहीतरी बनायला लागलं. म्हणजे टंचाई तशीच राहिली, टंचाईची भीती तेवढी कमी झाली. हे मला महत्त्वाचं वाटलं होतं, पण तेव्हा मी नवा होतो आणि मीटिंगमध्ये पुरेशा जोरात बोललो नाही.

दुसरी अडचण ऑफिसात दिसलीच नाही. ती नंतर, घरी गेम दिल्यावर दिसली. एक ताई बँकेत नोकरीला, मूल तीन वर्षांचं. खेळायला वेळ रात्री दहानंतरचा. देवळापासून देवळापर्यंत पाऊण तास जायचा. पोरगं मध्येच उठलं की त्या गेम पॉज करून जायच्या, तिथेच झोप लागायची, आणि लॅपटॉप सकाळपर्यंत फॅन घरघरवत चालू. “बंद केला तर परत तो नाका ओलांडायचा, कोण करणार?” असं त्यांनी लिहून दिलं. एका मुलाकडे बत्तीसेक मिनिटं खेळल्यावर लाइट गेली. इन्व्हर्टरवर पंखा-ट्यूब होती, कॉम्प्युटर नव्हता. त्याने गेम पुन्हा उघडला नाही. आम्ही विचारलं तर म्हणाला, गेम चांगला आहे, वेळ मिळाला की बघतो. त्याचा अर्थ कुणालाही कळेल.

त्या दोघांमुळे मला पहिल्यांदा नीट दिसलं की ते दोन पळ्या तेल खरं कोण भरत होतं. दिवटीचं तेल जासूद भरतो. नंदादीपाचं तेल खेळणारा भरतो, आणि तेही स्वतःच्या झोपेतून.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, आहे तसंच ठेवायचं. जुन्या चाहत्यांची मागणी हीच होती, आणि पहिल्या दिवशी विकत घेणारे तेच असतात. डायरेक्टरचा कल इकडे होता.

दुसरा, सगळीकडे ऑटोसेव्ह. पब्लिशरच्या माणसाला हेच हवं होतं. प्रोग्रॅमरने आठवड्याभरात कामचलाऊ बिल्ड (खेळून बघता येईल अशी आवृत्ती) दिला. तो मी स्वतः खेळलो आणि मला धक्काच बसला, कारण मी धावायला लागलो. अंधारात, दिवटी न पेटवता, सरळ पळत. पकडला गेलो तरी वीस सेकंद मागे. अंधाराची जी दहशत होती ती उडाली, आणि घाट नुसता लांबलचक रस्ता झाला. चार जणांना दिला, चौघेही पळाले.

तिसरा पर्याय सगळ्यात समंजस दिसत होता आणि त्यातच आम्ही फसलो. ठरवायचं खेळाडूवर सोपवायचं: सुरुवातीलाच ‘सोपं, मध्यम, कठीण’, आणि तेलाचा सेव्ह फक्त कठीणमध्ये. ‘रेसिडेंट ईव्हिल २’च्या २०१९ च्या नव्या आवृत्तीत असंच आहे. सेव्ह करायचा टाइपरायटर सगळ्यांना, पण त्यासाठी शाईची रिबन लागते ती फक्त ‘हार्डकोअर’ या कठीण पातळीत. एवढ्या मोठ्या गेमने केलंय म्हटल्यावर वाद मिटला असं वाटलं. जवळजवळ दोन महिने त्यात गेले.

बिघडलं ते अंतरांमुळे. आमच्या घाटात देवळं एकमेकांपासून इतकी लांब होती ती सेव्ह महाग होता म्हणूनच. सेव्ह फुकट केला तर तीच अंतरं कंटाळवाणी होतात. देवळं जवळ आणली तर कठीणमधली टंचाई पोकळ होते. म्हणजे दोन पद्धती हव्या असतील तर घाटही दोन लागणार, आणि आमच्याकडे लेव्हल डिझायनर एकच. शिवाय गेम अजून बघितलेलाच नाही अशा माणसाला पहिल्या मिनिटाला ‘तुला किती त्रास हवाय?’ विचारणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. आपल्याला ठरवता आलं नाही, म्हणून आपण गिऱ्हाइकाला ठरवायला लावत होतो.

चौथा पर्याय आर्टिस्टकडून आला, आणि तो पर्याय म्हणून आलाच नव्हता. तिने एका गावाच्या देवळासमोर दगडी दीपमाळ काढली होती, सजावट म्हणून. चहा पिता पिता म्हणाली, “ही पेटली तर अख्ख्या खोऱ्यातून दिसेल, नाही?”

मी २०१४ चा ‘एलियन: आयसोलेशन’ खेळलेला होतो. तिथे भिंतीवरच्या फोनसारख्या यंत्रात कार्ड घालून सेव्ह करावं लागतं. त्याला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात मागून तो प्राणी येऊन तुम्हाला मारू शकतो. सेव्ह करण्याची किंमत आहे, पण ती गेमच्या आतली. खेळणाऱ्याच्या घड्याळाला तिचा चटका बसत नाही. दीपमाळ म्हणजे हेच, फक्त उजेडाच्या भाषेत.

काय केलं

ठरलं ते असं. नंदादीप गेला, दीपमाळ आली. ती पेटवायला तेल लागत नाही, देवळातच ठेवलेलं असतं. पण पेटली की खोऱ्यातल्या सगळ्या चौक्यांना दिसते, आणि जवळच्या चौकीतून मशाली तुमच्या दिशेने निघतात. सेव्ह झालेला असतो, आता तिथून निसटायचं कसं ते बघा.

बुधलीतलं तेल आता फक्त उजेडाचं. त्यातही एक बदल केला: बुधली कधीच पूर्ण रिकामी होत नाही. शेवटची पळी थोड्या वेळाने आपोआप भरते (गोष्टीत त्याला ‘तळाशी साचलेलं’ म्हटलंय, फार खोलात जाऊ नका). ही युक्ती उसनी आहे. ‘डूम इटर्नल’मध्ये (२०२०) चेनसॉच्या (यांत्रिक करवतीच्या) इंधनाचा पहिला टप्पा आपोआप भरत राहतो, त्यामुळे खेळणारा तो न जपता वापरतो.

राहिला प्रश्न लाइट जाण्याचा आणि पोरगं उठण्याचा. इथे प्रोग्रॅमर अडून बसला, आणि त्याचं बरोबर होतं. पहिल्या भागात सेव्ह फक्त देवळात व्हायचा आणि देवळात पहारेकरी नसायचे. त्यामुळे फाइलमध्ये काय? जासूद कुठे, तेल किती, कुठली पत्रं दिली, कुठली दारं उघडी. बास. मधेच कुठेही थांबू द्यायचं म्हटलं तर प्रत्येक पहारेकरी गस्तीच्या कुठल्या पावलावर आहे, त्याला संशय किती आलाय, कुणी कुणाला हाक मारलीय, हे सगळं लिहायचं आणि जसंच्या तसं उभं करायचं. “हे आधी सांगितलं असतं तर वेगळं बांधलं असतं,” तो म्हणाला. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

त्याचाच तोडगा मग सगळ्यांना पटला. दर अर्ध्या मिनिटाने एक नोंद घ्यायची, पण फक्त कुणालाही संशय आलेला नसेल तेव्हा. नोंदीत पहारेकरी नाहीतच. परत आलात की ते आपापल्या गस्तीच्या सुरुवातीला उभे. नोंद आधी दुसऱ्या फाइलमध्ये पूर्ण लिहायची, मगच जुनीच्या जागी ठेवायची, म्हणजे लिहिता लिहिता वीज गेली तरी जुनी शाबूत. गेम बंद केला किंवा बंद पडला, तर शेवटच्या निवांत क्षणी परत. मेलात, तर मात्र शेवटच्या पेटलेल्या दीपमाळेपाशी.

यात एक भोक आहे, ते लगेच दिसतं. पकडले जातोय असं वाटलं की गेम सरळ बंद करायचा. मरण चुकतं आणि निवांत क्षणी परत. यावर सगळ्यात मोठं भांडण झालं. डायरेक्टरचं म्हणणं, मग दीपमाळेला अर्थ काय राहिला? बंद करणाऱ्याला शिक्षा करा, दोन वळणं मागे फेका. मी म्हटलं, लाइट गेलेल्याला आणि लबाडी करणाऱ्याला कोड वेगळं ओळखू शकत नाही, शिक्षा दोघांनाही होणार. आणि हा एकट्याने खेळायचा गेम आहे. कोथरूडच्या कुठल्याशा खोलीत एखाद्याने स्वतःलाच फसवलं तर आपलं काय गेलं? डायरेक्टर दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोर्डवर लिहून गेला: ‘भोक राहू दे.’

काय झालं

यावेळी बिल्ड थेट लोकांच्या घरी दिला, रात्री खेळा म्हणून सांगून. बँकेतल्या ताईंनी पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत तीन रात्रींत घाट पार केला. लॅपटॉप रोज बंद करून. भोक फार कमी जणांनी वापरलं. वापरलं त्यांनी आपणहून कबूल केलं, थोडं लाजतच.

अपेक्षा नव्हती ते वेगळंच झालं. लोक दीपमाळ पेटवायचे आणि पळायचे नाहीत. करवंदीच्या जाळीत दबून बघत बसायचे. खाली चौकीत हालचाल, मग एक मशाल, मग तीन, वळणावळणाने वर चढताना. एकाने तिथे जवळजवळ दोन मिनिटं काहीच केलं नाही. मग तो उठला, दुसऱ्या बाजूने खाली उतरला आणि रिकाम्या नाक्यातून ताठ मानेने चालत गेला. दीपमाळेचा त्याने गळ केला होता.

आम्ही हे डिझाइन केलेलं नव्हतं. लेव्हल डिझायनरने डोक्याला हात लावला, कारण दोन टप्पे त्यामुळे पार मोडले होते. तरी ते काढावं असं कुणीच म्हटलं नाही. नाक्यावरचे दोघे काही झालं तरी जागा सोडत नाहीत, एवढा नियम घातला.

मोलही मोजावं लागलं. गळाची मजा इतकी चढली की इथे सेव्ह होतं हेच काही जण विसरले. एका मुलीने पुढच्या दोन दीपमाळा ‘उगाच पहारा अंगावर कशाला’ म्हणून टाळल्या, मेली, आणि बरीच मागे गेली. पहिल्या भागातला तो पायरीवरचा विचारही आता नाही, आणि जुन्या चाहत्यांपैकी दोघांनी तो नेमका हेरला. एकाने लिहिलं, ‘आधी मला तेलाची काळजी वाटायची, आता वाटत नाही.’ त्याला उत्तर द्यायचं राहिलंय. तो म्हणतोय ते खरं आहे.

ब्राइटनेसवाला पोरगा पुन्हा आला होता. शेवटची पळी आपोआप भरते हे कळल्यावर त्याने ती सढळ हाताने वापरली. बाकीच्या पाच पळ्या शेवटपर्यंत जपल्या. पण मॉनिटरच्या बटणांना हात लावला नाही. आर्टिस्टने तेवढ्यावर समाधान मानलं.

आता पुन्हा करायचं तर

सगळ्यात आधी गेम घरी पाठवला असता. ऑफिसात दुपारी खेळणाऱ्याचं मूल उठत नाही, त्याला कुणी जेवायला हाक मारत नाही, आणि आमच्याकडे यूपीएस आहे. पहिले सहा आठवडे आम्ही अशा खेळाडूचा अभ्यास केला जो या ऑफिसाबाहेर कुठेच राहत नाही.

प्रोग्रॅमरला पहिल्या मीटिंगला बसवलं असतं. सेव्ह कुठे होतो हा प्रश्न आम्ही महिनाभर भावनांचा समजत होतो, आणि फाइलमध्ये काय लिहावं लागेल हे कुणी विचारलं नाही. त्याने निवांत क्षणाची युक्ती एका संध्याकाळीत काढली. तीच पहिल्या आठवड्यात निघाली असती, तर तिसऱ्या पर्यायातले ते दोन महिने वाचले असते. माझी चूक तलवारीच्या दाखल्याची. सुचलेलं होतं, बोललो नाही.

एक मात्र मी आजही तसंच करेन. डायरेक्टरला ऑटोसेव्हचा बिल्ड हातात देऊन पळायला लावणं. तो पळाला, स्वतःवरच चिडला, आणि मगच ‘आहे तसंच’च्या बाहेर विचार करायला तयार झाला.

सध्या बोर्डवर एक ओळ महिनाभर पुसलेली नाही. चौथा टप्पा पावसाळ्यातला आहे. आर्टिस्टचं म्हणणं, धो धो पावसात दगडी दीपमाळ पेटलेली राहील हे कुणी मानणार नाही, विझायलाच हवी. प्रोग्रॅमर विचारतो, विझली तर तिथला सेव्ह राहतो की जातो? डायरेक्टरने खाली लिहिलंय, ‘जातो’, आणि त्याखाली कुणीतरी, अक्षरावरून आर्टिस्टच असावी, ‘मग बँकेतल्या ताईंना फोन तू कर’ असं लिहून ठेवलंय.